तारेतली खरखर

लोणावळ्यातला पाऊस चौथ्या दिवशी पाऊस राहत नाही, हवाच तशी होऊन जाते. भिंतींना घाम फुटतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव उगवते, आणि कधीतरी दुपारी इंटरनेट जातं. परवा तसंच गेलं. कंपनीचा माणूस रेनकोट निथळत दारात उभा राहिला आणि पाठ केलेलं विचारता झाला, "मॅडम, राउटर बंद करून चालू करून बघितला का?"

"तीनदा," मी म्हटलं. "वायर बदलून बघितली. लॅपटॉप थेट जोडून बघितला. घरात काही नाही. तुमच्या खांबावरच्या पेटीत पाणी शिरलंय."

तो खांबावर चढला, पेटी उघडली. पेल्यातून ओतावं तसं पाणी खाली पडलं. उतरल्यावर माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघत म्हणाला, "तुम्ही टेलिफोन खात्यात होता का?"

नव्हते. माझा धंदा आकृत्या काढण्याचा. शाळा-कॉलेजच्या विज्ञानाच्या पुस्तकांत फुलाचा उभा छेद असतो, बेडकाचं हृदय असतं, पानाचं रंध्र असतं, ते कुणीतरी काढलेलं असतं. आता ते माझ्या ऑफिसात निघतं. पण पाणी तारेत कुठं शिरतं हे शोधण्यात मी एक अख्खा पावसाळा घातलेला आहे, आणि त्या पावसाळ्यात जे शिकले ते बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

बी.एस्सी.चं मी जरा ठासूनच सांगते. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर पुष्कळ नावं होती, पदवीच्या कागदावर एकही नव्हतं. माझं पहिलं. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. बेडशाच्या डोंगराखालची आमची वस्ती, तिथून चालत रस्त्याला यायचं, एसटीने कामशेत, पुढे कॉलेज. ओल्या साडीचा घोळ वर खोचून बसमध्ये उभ्या राहिलेल्या बायका मला जागा द्यायच्या. "बस गं, तुला लिवायचं आसतं." लिहायचं असतं म्हणून जागा मिळाली, हे मी विसरत नाही. मिरवतेही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी नाही मिरवलं तर चालतं.

निकाल लागला त्याच वर्षी कॉम्प्युटर आला. लोणावळ्यातल्या एका हॉटेलने नवा घेतला आणि जुना काढून टाकला, तो. पिवळट पडलेला, पाठीमागे दुभत्या म्हशीएवढा, चालू केला की गिरणीसारखा घरघरणारा. माजघरात भाताच्या कणगीशेजारी त्याला जागा दिली. वर खताच्या गोणीतलं प्लास्टिक पांघरलेलं, आणि टेबलाखाली चोवीस तास चाळीसचा एक बल्ब जळत ठेवलेला, कारण मावळात आषाढ-श्रावणात कोरडं असं काही राहतच नाही. माणसं राहत नाहीत, मग यंत्र कसं राहील. त्या बल्बच्या उबेला मांजर येऊन बसायचं. आई म्हणायची, "तुझ्या मशीनचा मांजरालाच काय तो उपेग."

आईचं चुकत नव्हतं, पण महिनाभराने मशीनला काम मिळालं. पुण्यातल्या एका प्रकाशनाला आकृत्या काढणारं कुणी हवं होतं. मी आठ काढून नेऊन दाखवल्या. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे. पण रोज पुण्याला येणार कशी?"

"येणार नाही," मी म्हटलं. "घरून मेलने पाठवीन."

आमच्या गावात तेव्हा घरून फक्त लग्नाच्या पत्रिका जायच्या. पण मी म्हटलं. आणि त्या म्हणाल्या, "एक महिना बघू. रोजच्या आकृत्या रोज दुपारी तीनच्या आत माझ्याकडे आल्या पाहिजेत, पुढं छपाईवाला थांबलेला असतो. दोनदा चुकलं तर समजून घेईन. तिसऱ्यांदा नाही."

म्हणजे माझी नोकरी तीन वाजताच्या एका काट्यावर टांगलेली होती. आणि तो काटा टांगलेला होता फोनच्या तारेवर.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगते. इंटरनेट तेव्हा फोनमधूनच यायचं. मोडेम नावाचा एक छोटा डबा कॉम्प्युटरला जोडायचा, फोनची वायर त्याच्यात खोचायची, आणि मग तो डबा आपणहून फोन लावायचा. टुकटुक आकडे फिरवायचा, एक बारीक किंकाळी मारायचा, मग पत्र्याच्या डब्यात तांदूळ ओतावेत तसा सरसर आवाज करायचा आणि गप्प व्हायचा. गप्प झाला की समजायचं, लागलं. गोठा भिंतीला लागूनच. त्या किंकाळीला म्हैस कान टवकारायची. कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, लाइन किती वेगाने चाललीय त्याचा. चाळीसच्या वर आला तर गूळ वाटावा. तीस आला तर दोन आकृत्या पाठवून मधे भाकरी थापून यावी. आमच्याकडे चौदा यायचा. पाऊस वाढला की बारा. आणि मधेच तुटायचं. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, कारण अर्धी गेलेली आकृती म्हणजे न गेलेली आकृती.

मी काय काय केलं नाही! मोडेमसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं. मागे उगाच चाललेले सगळे प्रोग्रॅम बंद केले. साठलेल्या फायली पुसल्या. मोडेमचं सॉफ्टवेअर काढलं, परत घातलं. कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या पोर्टचा वेग कमी करून बघितला, वाढवून बघितला. लांब वायर काढून आखूड लावली. मॉनिटरजवळ ठेवलेला डबा लांब नेला, तर तो मांजराजवळ गेला. एकेक गोष्ट बदलायची, पुन्हा फोन लावायचा, वहीत आकडा लिहायचा. एका वेळी एकच बदल, बाकी सगळं जसंच्या तसं. हे मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं आणि ते मी इमानदारीने पाळलं. वहीची चार पानं भरली. चौदा, चौदा, तेरा, चौदा.

त्या पुस्तकात एक उपाय मात्र असा होता की तो मी आजही कुणाला सांगते. लाइनीत आवाज आहे का ते बघायचं असेल तर रिसीव्हर उचलायचा, कुठलाही एक आकडा दाबायचा आणि ऐकायचं. आकडा दाबला की तो घूं असा सूर थांबतो. मग लाइनीत काहीच नसायला हवं. त्या काहीच नसण्याकडे कान लावायचा.

मी लावला. बाहेर पागोळ्या पडत होत्या, आई जात्याशी पुटपुटत होती, खालच्या खाचरांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली. गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं, डोक्यावर पानांची इरली, लांबून कासवांची रांग वाटावी अशी. मी एक कान बोटाने बंद केला. रिसीव्हरमध्ये आधी शांत वाटलं. मग त्या शांततेच्या तळाशी खरखर लागली. ओल्या चुलीत ओलं लाकूड घातलं की ते जळत नाही, नुसतं चरचरत राहतं, तशी. पावसाची मोठी सर आली की वाढायची, सर गेली की बसायची. म्हणजे दोष माझ्या कॉम्प्युटरात नव्हता, तारेत होता. मला केवढा आनंद झाला! शिकलेल्या माणसाची ही एक खोड आहे. दोष जितका लांब सापडेल तितकं त्याला बरं वाटतं.

आता ह्या तारेची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, आणि तात्यांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची, वाटणी झाली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. घराच्या मधे भिंत आली. खाचरं मोजली, फणसाची फळं निम्मीनिम्मी ठरली, गोठा आमच्याकडे आला. शेवटी चिंचेच्या झाडावरून काहीतरी शब्द गेला आणि दोघा भावांचा अबोला पडला. बायकांचा नाही. आई आणि नानी, माझी चुलती, भिंतीच्या खालच्या अंगाला उभ्या राहून रोज बोलायच्या. अबोला पुरुषांचा होता, आणि तो पुरुषांनी मोठ्या निष्ठेने पाळला होता.

पण वाटणीत एक गोष्ट राहून गेली. फोनचा अर्ज एकत्र असताना केलेला. नाव आप्पांचं, तालुक्याला हेलपाटे तात्यांचे. आणि फोन आला वाटणीनंतर. वाटणारे पंच तर घरी गेलेले. आप्पांनी एक दिवस काही केलं, कुणाला न सांगता गोठ्यात लाइन कापली, तिला एक फाटा जोडला आणि तो भिंतीवरून पलीकडे टाकून दिला. पलीकडून दुसऱ्या दिवशी तो फाटा कुणीतरी ओढून घेतला. बोलणं काही झालं नाही. पण तेव्हापासून घंटा वाजली की दोन्ही घरांत वाजायची, जो आधी उचलेल त्याने ऐकायचं, आणि दुसऱ्याचा असेल तर हाळी द्यायची. आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "फोन हाय." नाव घ्यायचे नाहीत. पलीकडून तात्यांचा आवाज यायचा, "बरं." चार वर्षांत दोन भाऊ एकमेकांशी एवढंच बोलले.

असा फाटा टाकणं सरकारी नियमात बसत नव्हतं. म्हणून लाइनमन यायचा असला की आई भिंतीशी जाऊन सांगायची, "नानी गं, लाइनमन येतोय," आणि आप्पा गोठ्यात जाऊन फाटा सोडवायचे, जोड धोतराने कोरडा पुसायचे, सुटलेली तार कडब्यामागे सारायचे. लाइनमन गेला की परत जोडायचे. दोन्ही घरं एका शब्दाने न बोलता ह्यात सामील. आमच्याकडे एवढी एकी दुसऱ्या कशात उरली नव्हती.

तर त्या महिन्यात माझी पहिली चूक झाली ती नानीमुळे. दुपारी रिसीव्हर उचलून फोन जिवंत आहे का ते बघायची तिला सवय होती. तिने उचलला आणि माझी आकृती नव्वद टक्क्यांवर मेली, तीन चुकले. मी भिंतीवरून ओरडले. ती म्हणाली, "अगं बाय, कानात शिट्टीच मारली त्यानं. मला वाटलं फोनला याड लागलं." मग तिनेच फोनवर परडी उपडी घातली. तीन वाजेपर्यंत परडी काढायची नाही, असा तिने घरात नियम केला.

दुसरी चूक बुधवारी झाली. त्या दिवशी खरखर एवढी होती की मोडेम लागेचना. मी सकाळीच लाइनमनला निरोप धाडला होता. तो साडेबाराला आला, डोक्यावर पोतं, खांद्याला पट्टा. खांब बघितला, घरातली डबी उघडून बघितली. मग मान वर करून विचारलं, "दुसरा फाटा न्हाई ना काडलेला कुटं?"

"न्हाई बा," आप्पा म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पदवीधर, पहिला वर्ग. मी म्हटलं, "नाही."

त्याने लाइन तपासली. स्वच्छ. "लावा तुमचं मशीन," म्हणाला. मी लावलं. किंकाळी, सरसर, आणि कोपऱ्यात आकडा आला चव्वेचाळीस. आप्पांनी कौतुकाने लाइनमनकडे बघितलं. लाइनमननेही स्वतःकडे कौतुकाने बघितलं. चहा झाला, तो गेला. मी आकृत्या जुळवायला बसले, पुन्हा फोन लावला. चौदा. तुटलं. बारा. तुटलं. तीन वाजून गेले.

मी रडत नाही सहसा. त्या दिवशी वही मिटून नुसती बसले. आप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगठ्याला दुधाच्या पिशवीचा एक फाटका तुकडा चिकटलेला होता. निळा, छापाचा. मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. दुधाच्या पिशवीत त्यांनी काय गुंडाळलं होतं? जोड. कधी? लाइनमन गेल्यावर. चव्वेचाळीस कधी होते? फाटा नसताना. चौदा कधी? फाटा असताना. वहीच्या चार पानांत मी सगळं बदलून बघितलं होतं, फक्त हे नाही, कारण घरात त्या फाट्याचा उल्लेखच व्हायचा नाही. जे बोलायचंच नाही ते मी वहीत कसं लिहिणार?

"आप्पा," मी म्हटलं, "तात्यांची वायर खराब आहे."

त्यांनी अंगठ्यावरचा तुकडा सोलून काढला. मग म्हणाले, "तुझं काम जात आसंल तर तोडून टाकतो. पर एक सांगतो. तुटली की परत जोडायची न्हाई. त्येनं वढून घेतली व्हती तवा... येकदा घेतलीय त्येनं. दुसऱ्यांदा न्हाई घ्यायचा."

"रोज तासभर सोडवून ठेवली तर?"

"नानी परडी उचलून बघती तीनला. मेलेला फोन कानाला लागला की काय समजंल ती? आन ती तार आता लय नाजूक झालीय. काड-घाल केली की तिचं दोरं तुटत्यात."

आजही कुणी मला म्हणालं की तांत्रिक अडचण आहे, तर मी आधी विचारते, ह्याच्या आजूबाजूला कोण कुणाशी बोलत नाही? पुष्कळदा उत्तर तिथं सापडतं. ऑफिसातली चार माणसं माझ्या ह्या प्रश्नाला हसतात. हसोत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तात्या नवलाख उंबरे गावात एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली होते आणि गुरुवारी त्यांना सुट्टी असायची. पावणेदोनला मी त्यांच्या दारात गेले. आकृत्या तयार होत्या, जास्वंदीचा उभा छेद आणि आणखी पाच. सव्वा तास हातात होता आणि मनात वाक्यं तयार होती: वायर जुनी झालीय, ओलीत असेल, बदलावी लागेल, खर्च आम्ही करू. शिकलेल्या माणसाची सभ्य वाक्यं.

तात्या ओटीवर पंखा खोलून बसले होते. वर बघून म्हणाले, "या. ग्रॅज्युएट आमच्याकडं?"

मी माझी वाक्यं म्हटली. ते पंख्याचं पातं पुसत ऐकत राहिले. मग उठले, "ये हिकडं," म्हणाले आणि मला भिंतीजवळ घेऊन गेले. त्यांच्या बाजूची तार ठिबकच्या काळ्या नळीतून नेलेली. नळी खिळ्यांनी सरळ ठोकलेली, उताराने, पाणी आत जाऊच नये अशी. एक जोड होता, तो डाग देऊन पक्का केलेला. वर मेण.

"कुटं हाय खराबी? दाव."

मी नळी शेवटपर्यंत बघत गेले; कुठं फट नव्हती.

"माज्या बाजूला खरखर न्हाई, सवे. खरखर तुमच्या गोठ्यात हाय. त्या जोडात. चार पावसाळं ऐकतोय मी."

"मग सांगितलं का नाही तात्या?"

"कुणी इचारलं?"

नानी आतून म्हणाली, "सांगा की तिला खरं. जोडाची डबी आनून ठिवलीया कामशेतातनं. दोन वरसं झाली. ट्रंकेत पडलीया. कुणी बोलवलं तर लावणार म्हनं."

"तू गप," तात्या म्हणाले.

मी चार पानं आकडे लिहिलेली बाई, त्या ओटीवर उभी राहून मला माझ्याच घराची लाज वाटली. आमचा जोड. आमच्याच गोठ्यातला, माझ्या टेबलापासून सहा हातांवरचा. मी कॉम्प्युटर उसवला, लाइनमन आणवला, चुलत्याच्या वायरीला नावं ठेवायला आले, आणि एकदा कंदील घेऊन आमच्याच गोठ्यात डोकावले नाही. मी म्हटलं, "तात्या, मी बोलावते. माझी नोकरी आहे ह्याच्यावर. तीनच्या आत गेलं नाही तर गेली. चला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पातं खाली ठेवलं, ट्रंकेतून डबी आणि पक्कड घेतली. भिंत संपते तिथून वळसा घालून आमच्या गोठ्यात शिरताना ते क्षणभर थांबले. चप्पल काढली. गोठ्यात कुणी चप्पल काढत नाही.

दुधाची पिशवी त्यांनी दोन बोटांनी सोलली. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, पिळलेल्या, एकमेकींना जेमतेम धरून. त्यांनी जोड कापला. आता दोन्ही घरांचे फोन मेले होते. दोन वाजून गेले होते. आणि नेमके तेव्हाच आप्पा आवणीतून भाकरीला आले, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत काळे, आणि गोठ्याच्या दारात थबकले.

"हितं काय चाललंय?"

तात्यांनी वर बघितलं नाही. "तुजी कारागिरी बघतोय."

"काय झालं तिला?"

"दुधाची पिशवी गुंडाळलीया. म्हशीचं दूध फोनातनं धाडतोस व्हय?"

"चार वरसं चालली की."

"चालली म्हनं! माज्या कानाला इचार कशी चालली."

"मग सांगायचं व्हतं."

"कुणाला? भिताडाला?"

"मी न्हाई सांगत भिताडाला? रोज सांगतो, फोन हाय म्हनून!"

"बोलावलं व्हतंस कधी? ह्या गोठ्यात पाय टाकला आसता तर म्हनला आसतास, वाटनीत दिल्याला गोठा परत मागाया आला."

"मी म्हनलो आसतो? मी?"

"म्हनला आसतास. चिंचंच्या टायमाला काय म्हनला व्हतास, काडू का आता?"

"काड! काड की!"

दोन हातांत तारेची दोन टोकं धरून तात्या उभे, आप्पा इरल्यासकट त्यांच्या तोंडासमोर, म्हैस दोघांच्या मधे, आणि माझ्या हातातल्या घड्याळात दोन वीस. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडून नानी "काय गं?" म्हणाली.

"तात्या! आधी जोडा! चिंच तीननंतर!"

दोघं गप्प झाले. मोठी माणसं पोरीचं ऐकून गप्प होतात हे मी त्या गोठ्यात पहिल्यांदा बघितलं. तात्यांनी तारा पक्कडीच्या धारेने खरवडल्या, आतलं तांबं लालबुंद निघालं. डबीत बसवल्या, स्क्रू आवळले, झाकण लावलं. आप्पांनी कंदील वर धरला. भर दुपारी. गोठ्यात अंधार असतोच, पण कंदील धरायला कुणी सांगितलं नव्हतं. "पलीकडं वर," तात्या म्हणाले, आप्पांनी पलीकडे वर नेला.

मी धावत आत गेले. हात पुसले. रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबला, कान लावला. बाहेर सर कोसळत होती, पत्रे वाजत होते, आणि तारेत काहीसुद्धा नव्हतं. पावसाळ्यात तेवढी कोरडी जागा मी दुसरी पाहिली नाही.

मोडेम किंचाळला. सरसरला. गप्प झाला. चव्वेचाळीस.

दोन एकतीस. पहिली आकृती. दुसरी. जास्वंदीचा छेद सगळ्यांत जड होता, कारण त्यातले परागकण मी एकेक टिंब देऊन काढले होते. पडद्यावरची निळी पट्टी सरकत होती आणि भिंतीपलीकडे गोठ्यात चिंच सुरू झाली होती. चिंचेवरून ते फणसावर गेले, फणसावरून विहिरीच्या पायऱ्यांवर. "तवा तू काय केलंस?" "आन तू?" आईने दारातून डोकावून बघितलं, माझ्याकडे, मग गोठ्याकडे, आणि हळूच मला म्हणाली, "मी जाऊ का सोडवायला?"

"नको," मी म्हटलं. "चालू दे."

नानी पलीकडे परडीवर हात ठेवून बसली होती, हे मला मागाहून कळलं. घरात भांडण चाललंय आणि ही परडी धरून बसली, उठली नाही.

दोन पंचावन्नला शेवटची आकृती गेली. मिनिटभराने बाईंचं उत्तर आलं, एकाच ओळीचं: मिळाल्या, जास्वंद सुरेख, उद्याच्या चारची यादी पाठवते आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. महिना संपायला अजून आठवडा होता, पण मला ठाऊक होतं. आता चुकणार नव्हतं.

मी गोठ्याच्या दारात जाऊन सांगितलं, "गेलं."

दोघांनी माना वळवल्या. आप्पांच्या हातात कंदील तसाच होता. तात्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"दोन पंचावन्न."

"पाच मिण्टं उरली की. मग येवढी बोंब कशाला मारलीस?" आणि ते आप्पांकडे वळले. "तर इहिरीच्या पायऱ्यांचं मी काय म्हनत व्हतो..."

चार वर्षांचं साचलेलं होतं, एका दुपारात उरकणार नव्हतं. आवणीवरून बायका हाका मारत होत्या, आप्पांची भाकरी निवत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी आत आले, मांजराला बाजूला केलं आणि उद्याच्या आकृत्यांतली पहिली काढायला घेतली.